लमाणी वाटेचा बेत

दसऱ्याचे सोने लुटून होते, घरोघरी चकली-अनरशांची बोलणी सुरू होतात, आणि तरुण मंडळींच्या पायांना एकाएकी भिंगरी लागते. पावसाने धुतलेले आभाळ निळेभोर असते, वाटा वाळलेल्या असतात, रजेचे अर्ज मंजूर झालेले असतात. मग कोणाच्या तरी ओसरीवर चार डोकी एकत्र येतात, नकाशा पसरला जातो, आणि पहिला प्रश्न निघतो तो हा : ‘‘रोज किती मैल चालायचे ?’’

वाशीम भागातला एखादा जुना लमाण नायक त्या ओसरीवर बसलेला असता, तर हा प्रश्न ऐकून तो मिशीतल्या मिशीत हसला असता. लांबच्या पायी प्रवासाचा बेत करण्यात त्याच्या पिढ्यान् पिढ्या गेलेल्या. त्याचा पहिला प्रश्न मैलांचा नसे. पाणी कुठे आहे, हा त्याचा पहिला प्रश्न. सर्वांत सावकाश चालणारे कोण, हा दुसरा. मैल त्यानंतर आपोआप ठरत.

हल्ली दूरच्या पदयात्रेला जायचे म्हटले, की हिमालयाच्या गोष्टी निघतात आणि पाठपिशव्यांच्या जाहिराती चाळल्या जातात. त्यात काही वाईट नाही. परंतु शरद ऋतूत घर सोडून शेकडो कोस आडवाटेने चालत जाण्याचे शास्त्र आपल्या घराच्या अंगणातच वाढले होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. वऱ्हाडच्या दक्षिण कडेवरचा हा वाशीम जिल्हा म्हणजे तांड्यांचा मुलूख. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाज आपली काशी मानतो. त्या समाजाच्या बापजाद्यांनी प्रवासाचा बेत कसा आखला, हे पाहिले तर आजच्या हौशी पायप्रवाशाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि लाजण्यासारखेही थोडे आहे.

चालते कोठार

‘लमाण’ हे नाव लवण म्हणजे मीठ, यावरून पडले असे मानतात. समुद्राकाठचे मीठ वर देशावर आणावयाचे आणि देशावरचे धान्य खाली न्यावयाचे, हा त्यांचा मुख्य व्यवहार. तो चाले बैलांच्या पाठीवरून. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाला मराठीत ‘पाठाळ’ असा छान शब्द आहे. गाडीला रस्ता लागतो, पूल लागतो. पाठाळाला पाऊलवाट पुरते. घाट असो, नाला असो, जंगल असो, चार खूर टेकतील तेथून तो जातो.

आणि हा व्यवहार केवढा ! पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात हिंडत असता त्याला एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. प्रत्येक बैलावर त्या काळचे चार मोठे मण धान्य होते. आजच्या मापाने हे ओझे सुमारे सव्वाशे किलो धरले, तर एका तांड्यात साडेसतराशे टन धान्य झाले. दहा टनी मालमोटारी लावावयाच्या म्हटल्या तर पावणेदोनशे लागतील ! त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांची हकीकत सांगतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की वाटसरूने दोन-दोन, तीन-तीन दिवस बाजूला थांबून राहावे, एवढी ती रांग लांब.

सैन्यांची पोटेही याच बैलांवर चालत. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंजारांविषयी एक टिपण लिहिले. ते १८८२ साली छापले गेले. १६३० च्या सुमारास मोगलांच्या दक्षिणेतल्या स्वारीबरोबर भंगी आणि जंगी हे दोघे राठोड नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन उतरले, अशी परंपरा त्यात नोंदली आहे. आकडा थोडा फुगलेला असला तरी दरारा त्यातून कळतो. पुढे १८०३ च्या शरदात आर्थर वेलस्ली मराठ्यांच्या फौजांवर चालून आला, तेव्हा त्याच्याही छावणीचे धान्य लमाणांच्याच बैलांवर येत होते. त्या मोहिमेतली अडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली, ती आजच्या अकोला जिल्ह्यात, वाशीमच्या शेजारीच.

एवढा पसारा चालवावयाचा म्हणजे बेत कच्चा असून कसे चालेल ?

पहिले मुहूर्त ऋतूचे

पावसाळ्यात तांडा हलत नसे. उंचवट्यावरची, गवताळ, निचऱ्याची जागा पाहून चार महिने तो तेथेच बसे. वाशीमच्या बाजूची काळी जमीन ज्याने आषाढात तुडवली आहे, त्याला याचे कारण सांगावयास नको. चिखल पायाला असा चिकटतो की दहा पावलांत जोडा शेरभर जड होतो; बैल तर गुडघ्यापर्यंत रुततो. नाले तासाभरात भरतात आणि तासाभरात ओसरतात, पण त्या एका तासात पलीकडे राहिलेला माणूस पलीकडेच राहतो.

आश्विन लागला की सारे पालटते. चिखल वाळून वाट टणक होते. कुंदा, पवन्या, मारवेल कमरेएवढे उभे असते. म्हणजे बैलांचा चारा वाटेवर फुकट. नाल्यांना पाणी असते, पण पाण्याला पूर नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, खरिपाचे पीक खळ्यावर येऊ लागलेले असते. वाहावयाला माल आहे, जनावराला चारा आहे, माणसाला पाणी आहे आणि वाट मोकळी आहे, असे चारही योग वर्षातून एकदाच जुळतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला आपण आज आपट्याची पाने वाटून मोकळे होतो. तांड्याला ते खरोखरीचे सीमोल्लंघन होते.

आता परतीचा हिशेब पाहा. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस पाठाळांवरून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेतून नावेने कलकत्त्यास उतरे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून कापसाचे एक लाख बैल रवाना केले, असे सांगतात. आपण आपले गणित मांडून पाहू. मंडीच्या सांगण्याप्रमाणे तांड्याची रोजची मजल सहा-सात मैलांच्या पलीकडे नसे. सातने पाचशेला भागा : बहात्तर दिवस. जनावरांच्या विसाव्याचे बारा-पंधरा दिवस त्यात धरा. म्हणजे दसऱ्याला निघालेला तांडा संक्रांतीच्या आसपास मिर्झापुरास पोहोचणार. माल उतरवणे, नवा माल भरणे, यात पंधरवडा. मग परतीचे पुन्हा पंच्याऐंशी दिवस. चैत्र सरून वैशाख लागतो. मृगाचा पाऊस यावयास महिना-सव्वा महिना उरतो.

हा उरलेला महिना म्हणजेच बेतातली अक्कल. बैल आजारी पडला, वाटेत भांडण झाले, घाट बंद असला, तर खर्चावयाला तो महिना गाठीस असे. निघावयाची तारीख सारेच ठरवतात. परत कोणत्या दिवसाच्या आत आलेच पाहिजे, हे ज्याने आधी ठरवले त्याचाच बेत पक्का.

पाण्याच्या मागे वाट

वाशीम जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर एक मौज दिसते. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. येथली काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळावयास जाते, आणि पूर्णा तापीला. म्हणजे ते पाणी अरबी समुद्राचे. पूस, अरुणावती, अडाण या नद्या पैनगंगेची वाट धरतात. म्हणजे ते पाणी अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. एकाच शिवारातल्या धुऱ्याच्या अल्याड पडलेला थेंब पश्चिमेस आणि पल्याड पडलेला पूर्वेस जावा, अशी ही जागा.

पायी चालणाऱ्याला याचा अर्थ काय ? माथ्यामाथ्याने चालले तर मोठी नदी ओलांडावी लागत नाही; ही सोय. पण माथ्यावर पाणी टिकत नाही, ही गैरसोय. आश्विनात खळखळणारा नाला माघात कोरडा ठणठणीत असतो. म्हणून जाताना जी वाट, तीच येताना चालेल असे नाही. जाताना माथ्याची वाट धरावी, येताना नदीकाठची. नायकाच्या डोक्यात नकाशा असे तो गावांचा नव्हे. कोणत्या महिन्यात कोठे पाणी, याचा तो नकाशा असे.

जेथे पाणी नव्हते तेथे ते करावयाचेही काम लमाणांनी केले. लमाणांची विहीर, लमाणांचा तलाव अशा खुणा मध्य हिंदुस्थानात जागोजागी सांगितल्या जातात. सागर शहराच्या मधोमध असलेला विस्तीर्ण तलाव लाखा बंजाऱ्याने बांधला, अशी तिकडची दंतकथा आहे. दंतकथेचा इतिहास कोणी तपासो. पण पाणी खणणाऱ्याचे नाव लोक शेकडो वर्षे विसरत नाहीत, एवढे त्यातून खरे ठरते.

ओझे आणि चाल

बैलावर ओझे लादावयाचे म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची गोण पाहिजे. एक बाजू दोन शेरांनी जड झाली तरी खोगीर सरकते, पाठ सोलवटते. आणि पाठ सोलवटलेला बैल म्हणजे पुढचे पंधरा दिवस रिकामा चालणारा बैल. त्याचे ओझे मग इतरांवर. म्हणून लादण्याच्या कामात घाई करणे हा तांड्यात अपराध. पहाटेचा तास-दीड तास त्यातच जाई, आणि तो वाया गेला असे कोणी म्हणत नसे.

आपल्या पाठपिशवीचेही हेच आहे. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाठीवर घेऊ नये, हा अनुभवी पायप्रवाशांचा नेम. साठ किलोच्या माणसाने बारा किलोंत भागवावे. जड वस्तू पाठीलगत, हलक्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही खांद्यांवर भार सारखा. निघण्यापूर्वी आठ दिवस तीच पिशवी तेवढ्याच ओझ्यानिशी पाठीवर घेऊन गावाबाहेर दोन-तीन फेऱ्या माराव्यात. कोठे काचते ते घरीच कळलेले बरे. नवे जोडे घालून लांबच्या वाटेला निघणे, यासारखा वेडेपणा दुसरा नाही.

आता चालीचे. तांड्यात बायका असत, तान्ही मुले असत, म्हातारे असत, गाभण गाई असत. या सर्वांना घेऊन दिवसाला सहा-सात मैल. त्या मानाने आपला तरुण पहिल्या दिवशी वीस मैल मारतो, दुसऱ्या दिवशी पायाला फोड येऊन बारा चालतो, आणि तिसऱ्या दिवशी एस. टी. ची वाट पाहत फाट्यावर बसतो ! तांडा अडीच महिने सहा-सात मैल चालत असे, त्यामुळे तो मिर्झापुरास पोहोचे.

चारण लमाणांच्या तांड्यात एक मोठी मनोरम चाल असल्याचे जुन्या टिपणांत आढळते. देवाला वाहिलेला एक बैल असे. त्याच्या पाठीवर ओझे कधीच लादीत नसत. गळ्यात घुंगरे, पितळेच्या साखळ्या, कवड्या, रेशमी गोंडे, असा सजवून तो तांड्याच्या अग्रभागी चाले. चालून दमला की हा बैल जेथे बसे, तेथेच त्या दिवसाचा मुक्काम. कोणी आजारी पडले तर त्याला याच बैलाच्या पायाशी आणून नवस बोलत.

आपण याला भाबडेपणा म्हणू. पण थोडा विचार करून पाहा. मुक्काम कोठे करावयाचा, यावरून प्रवासात जितकी भांडणे होतात तितकी दुसऱ्या कशावरूनही होत नाहीत. एकाला आणखी दोन मैल जावयाचे असते, दुसऱ्याचे पाय बोलत असतात, पण तो लाजेने बोलत नाही. तांड्याने हा निर्णय माणसांच्या हातातून काढून एका दमलेल्या जनावराच्या हाती दिला. जनावराला मोठेपणा मिरवावयाचा नसतो. ते दमले म्हणजे दमले. आणि बैल दमतो त्याच्या आधी म्हातारी माणसे दमलेली असतात, हे नायकाला ठाऊक असे.

रात्र पडली की गोणींची थप्पी रचून कुडासारखा आडोसा करीत, जनावरे आत घेत, बाहेर कुत्री सोडीत. लमाणांची कुत्री राखणीविषयी नामांकित. नायकाचा शब्द शेवटचा. त्याच्या हाताखाली कारभारी. कोणी जागावयाचे, कोणी झोपावयाचे, हे झोपण्यापूर्वी ठरलेले असे.

चालणे गुन्हा ठरते

हे सारे एका पिढीत मोडले. १८६७ साली आगगाडी भुसावळ-अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. बैलाला अडीच महिने लागत तो माल गाडी काही दिवसांत नेऊ लागली. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी झाली, तीच लोकांची लाडकी ‘शकुंतला’. म्हणजे आडगावांतला उरलासुरला कापूसही रुळांवर गेला. जंगले राखीव होत चालली, फुकटची चराई गुन्ह्यात मोजली जाऊ लागली. मिठाचा व्यापार सरकारच्या मुठीत गेला.

आणि त्यावर कळस म्हणून १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. एका ठिकाणी न राहणारा माणूस संशयित, ही त्या कायद्यामागची समजूत. निरनिराळ्या प्रांतांत लमाणांचे कित्येक गट या कायद्याखाली आले. हजेरी द्या, नाव नोंदवा, गाव सोडावयाचे तर परवाना घ्या ! ज्यांच्या चालण्यावर बादशहांच्या आणि कंपनीच्या फौजा जेवल्या, त्यांना चालण्याबद्दल चौकीवर उभे केले. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कलंक कायद्याने पुसला गेला. ‘विमुक्त’ हा शब्द तेव्हापासूनचा. त्यानंतर अकराच वर्षांनी, १९६३ साली, पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले, हेही येथे सांगितले पाहिजे.

तांडा या शब्दाचा अर्थही पालटला. चालणारा काफिला तो तांडा. आता गावकुसाबाहेर वसलेली स्थिर वस्ती तो तांडा. नाव तेच राहिले, पाय तेवढे थांबले.

आपला बेत

आता वाचकांपैकी कोणाला ही वाट थोडीफार चालून पाहावी असे वाटले, तर त्यासाठी एक बेत सुचवतो. वाशीमहून निघावे. वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी असलेले हे गाव. येथून मंगरूळपीर, तेथून मानोरा, मानोऱ्याहून पोहरादेवी. पोहरादेवीस एक दिवस पूर्ण विसावा घ्यावा. मग उत्तरेकडे वळून कारंज्यास यावे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जैनांच्या प्राचीन मंदिरांचे आणि कापसाच्या जुन्या पेठेचे गाव. प्रवासाचा शेवट गोड होईल. डांबरी सडक टाळून पांदण रस्त्यांनी, धुऱ्याधुऱ्यांनी चालावयाचे असेल, तर दहा-बारा दिवस हाताशी ठेवावेत. रोज सहा-सात मैल. हसू नका, तांड्याचाच हिशेब आहे.

निघावे कोजागिरीनंतर, उरकावे कार्तिकी पौर्णिमेच्या आत. या दिवसांत दुपारचे ऊन चांगलेच भाजते, पहाटे मात्र अंगावर घोंगडी लागते. म्हणून उजाडता निघावे, दहाच्या सुमारास सावली धरावी, चारनंतर पुन्हा तासभर चालावे. सोयाबीन नुकतेच निघालेले असते. त्याची धसकटे खिळ्यांसारखी उभी असतात आणि पातळ तळाच्या जोड्यातून आरपार जातात. जाड तळाचा, वापरून मऊ झालेला जोडा हवा. तूर डोक्याएवढी उभी असते. तिच्यातून वाट काढू नये, शेतकऱ्याचे नुकसान होते आणि सापाचीही भीती असते. कापलेल्या पिकाच्या ढिगाला टेकून बसण्यापूर्वी काठीने आपटून घ्यावे. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

पाणी दोन लिटर जवळ हवेच. शिवाय एक लोटा आणि लांब सुताडा बाळगावा. विहीर आहे पण पोहरा नाही, हा प्रसंग हमखास येतो. विहिरीचे पाणी उकळून किंवा औषध घालून प्यावे. मोबाइलच्या नकाशावर रस्ता दिसतो, विहीर दिसतही असेल. पण तिला आज पाणी आहे की नाही, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाच ठाऊक. त्याला विचारावे, आणि आपल्या डब्यातले काही त्याला द्यावे. मोबाइलची विद्युत संपली म्हणजे तोच पोरगा नकाशा.

मुक्कामास शाळेची ओसरी, देवळाचा मंडप उत्तम. मात्र अंधार पडण्यापूर्वी गावात पोहोचावे, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून आपण कोण, कोठले, ते सांगावे आणि परवानगी घ्यावी. तांड्यावर गेलात तर ‘जय सेवालाल’ म्हणावे, आधी नायकाला भेटावे. काटेपूर्णा अभयारण्याच्या बाजूस वळावयाचे मनात असेल तर वनखात्याची परवानगी अगोदर काढावी. रोजचा मुक्काम कोठे, याचा कागद घरी ठेवून जावा.

आणि तांड्याचा मुख्य नेम : जो सर्वांत सावकाश चालतो त्याला पुढे घालावे. तो बसला की सर्वांनी बसावे. तेवढे एक पाळले तर बाकीच्या चुका पोटात जातात.

पोहरादेवीस पोहोचाल तेव्हा जगदंबेचे आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्या. १७३९ साली जन्मलेले हे संत स्वतः गाईगुरे आणि बैल घेऊन मुलूख हिंडलेले. रामनवमीला येथे देशभरातून माणूस लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा समाजाच्या वारशाचे मोठे संग्रहालय उघडण्यात आले. नगारा हे त्याचे प्रतीक.

आजचा तांडा

या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसेल. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून मुंबई-नागपूरचा समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरांचा, सहा पदरी. त्यावरून मोटारी ताशी १२० किलोमीटरांपर्यंत धावतात. दुचाकीलाही त्यावर मज्जाव, मग पायी माणसाची गोष्टच कशाला? त्याच्या खालच्या बोगद्यातून तुम्ही पलीकडे जाल, तेव्हा डोक्यावरून माल भुर्रकन निघून जाताना ऐकू येईल. जेथून चौदा हजार बैल गेले तरी वाटसरूला थांबून पाहावयास मिळे, तेथे आता मान वर करीपर्यंत गाडी दिसेनाशी होते.

आणि त्याच दिवसांत, दिवाळीच्या मागेपुढे, एखाद्या संध्याकाळी तांड्याच्या तोंडाशी एक मालमोटार उभी असलेली आढळेल. तीत भांडी चढत असतात, पत्र्याच्या पेट्या चढत असतात, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुले. ही मंडळी ऊसतोडीला निघालेली. मराठवाड्यातल्या आणि विदर्भाच्या या कडेच्या कित्येक तांड्यांतून साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास असे प्रस्थान होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. आणि परत यावयाचे ते उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडाशी.

पाहा, वेळापत्रक तेच आहे. शरदात निघावयाचे, मृगापूर्वी परतावयाचे. फरक एवढाच की पूर्वी तारीख नायक ठरवी आणि मुक्काम बैल ठरवी. आता दोन्ही उचलीचा हिशेब ठरवतो. दमलेल्याने बसावे, हा नेम त्या हिशेबात नाही. मागे तांड्यात म्हातारी माणसे उरतात, आणि शाळेपायी ठेवलेली एखाददुसरी नात.

आपण हौसेने चालावयास निघालो आहोत. पाठीवर बारा किलो, खिशात परतीचे भाडे. म्हणून त्या मालमोटारीजवळ थोडे थांबावे. छायाचित्र काढण्याची घाई करू नये. कोठे निघालात, केव्हा परतणार, मागे कोण, एवढे विचारावे. म्हातारी माणसे आपणहून पाणी पुढे करतील, ते घ्यावे. कोठल्या विहिरीचे म्हणून विचारलेत, तर ती विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हेही सांगतील. त्या एका उत्तरात लमाणी वाटेचा सारा नकाशा अजून शिल्लक आहे. तो उतरून घेतला, तर आपली दिवाळीची सुटी सार्थकी लागली असे समजावे.